मशीन बनवणाऱ्या कारखान्याचा एनआयसी कोड कसा निवडायचा आणि नोंदणी कशी करायची: वागळे इस्टेटपासून तळोज्यापर्यंत

उद्यम नोंदणी म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांची सरकारी नोंदणी. तिचा फॉर्म भरताना सगळ्यात कमी विचार ज्या रकान्यावर होतो, तो एनआयसी कोडचा, म्हणजे तुमचा धंदा कोणता हे सांगणाऱ्या आकड्याचा. फॉर्म भरून देणारा माणूस यादीतला पहिला जुळणारा कोड टाकतो आणि पुढे जातो. चूक तेव्हा दिसत नाही. ती दिसते टेंडरचे कागद तपासले जातात तेव्हा, बँकेत मशिनरीच्या कर्जाची फाइल जाते तेव्हा, किंवा मोठ्या ग्राहकाने सहा महिने पैसे अडवल्यावर कायद्याचा आधार घ्यायची वेळ येते तेव्हा. म्हणून आधी कोड नीट समजून घ्या, मग पोर्टल उघडा.

कोडची रचना

एनआयसी म्हणजे देशातल्या सगळ्या आर्थिक उद्योगव्यवसायांची सरकारी वर्गवारी. उद्यम नोंदणी तिच्या २००८ च्या आवृत्तीवर उभी आहे आणि ती आवृत्ती संयुक्त राष्ट्रांच्या आंतरराष्ट्रीय वर्गवारीवर बेतलेली आहे. कोड पाच आकडी असतो. पहिले दोन आकडे विभाग सांगतात, तिसरा गट, चौथा वर्ग, पाचवा उपवर्ग. उत्पादन उद्योगाचे विभाग १० ते ३३ आहेत. यंत्रसामग्रीचा विभाग २८. त्यात २८१ म्हणजे कुठल्याही उद्योगात चालणारी सर्वसाधारण यंत्रं आणि २८२ म्हणजे एका ठरावीक उद्योगासाठी बनवलेली खास यंत्रं.

पहिले चार आकडे बरोबर आले की निम्म्याहून जास्त काम झालं. पाचवा आकडा पोर्टलवरच्या यादीत वर्णन वाचून सहज सापडतो. उलट चौथ्या आकड्यापर्यंतच घोळ झाला, तर पाचवा कितीही काळजीपूर्वक निवडा, उपयोग नाही.

आधी कागदावर चार ओळी

कोड शोधण्याआधी एका कागदावर चार गोष्टी लिहा. गाळ्यातून शेवटी काय बाहेर पडतं? कच्चा माल कोणाच्या पैशाचा? गाळ्यात प्रत्यक्ष कोणत्या प्रक्रिया होतात: कटिंग, वेल्डिंग, टर्निंग, असेंब्ली, पेंटिंग, टेस्टिंग? आणि ग्राहकाच्या बिलावर तुम्ही काय लिहिता? हा कागद जपून ठेवा. कोडसाठी तो लागेलच, पण पुढे जीएसटी, प्रदूषण मंडळ, एमआयडीसी आणि बँक, सगळीकडे हेच वर्णन जाणार आहे. प्रत्येक ठिकाणी वेगळी भाषा गेली की तपासणारा अधिकारी प्रश्न विचारतो आणि त्याचं ते बरोबरच असतं.

आता २८ मधले मुख्य वर्ग. इंजिनं आणि टर्बाइन २८११. हायड्रॉलिक आणि न्यूमॅटिकची साधनं, म्हणजे सिलिंडर, पॉवर पॅक वगैरे, २८१२. बाकीचे पंप, कॉम्प्रेसर, नळ आणि व्हॉल्व्ह २८१३. बेअरिंग, गिअर, गिअरबॉक्स २८१४. औद्योगिक भट्ट्या, ओव्हन, बर्नर २८१५. क्रेन, होइस्ट, लिफ्ट, कन्व्हेयर २८१६. विजेवर किंवा हवेवर चालणारी हातातली अवजारं २८१८. पॅकिंग, फिलिंग, सीलिंग आणि लेबलिंगची मशिनं, सेंट्रिफ्यूज, हीट एक्स्चेंजर, वजनकाटे २८१९.

खास यंत्रांमध्ये शेतीची अवजारं २८२१, मशीन टूल आणि धातूला आकार देणारी मशिनं २८२२, धातू गाळण्या-ओतण्याची यंत्रसामग्री २८२३, खाण आणि बांधकामाची २८२४, खाद्यपदार्थ प्रक्रियेची २८२५, कापड, शिवण आणि चामड्याची २८२६. प्लास्टिक आणि रबराची मशिनं, छपाईची, कागदाची आणि इतर खास यंत्रं २८२९ मध्ये.

नवी मुंबईच्या टीटीसी औद्योगिक पट्ट्यात फार्मा आणि केमिकलच्या आधाराने वाढलेले बरेच कारखाने मशीन बनवतात, आणि तिथे नेहमीची गफलत अशी: फार्मा कंपनीला विकतो म्हणून कोड औषधाचा टाकायचा. ग्राहक कोणत्या धंद्यात आहे याने तुमचा कोड ठरत नाही, तुम्ही काय बनवता याने ठरतो. सिरपच्या बाटल्या भरायचं मशीन हे फिलिंग मशीन आहे, त्याचा वर्ग २८१९. औषध उत्पादनाचा विभाग २१, तो औषध बनवणाऱ्याचा.

२८ वाटतो, पण २८ नसतो

खरा घोटाळा सीमेवर होतो, म्हणून इथे जरा थांबू.

मशीन शॉप घ्या. दोन सीएनसी, एक व्हीएमसी (दोन्ही संगणकावर चालणारी मशिनं), एक ग्राइंडर. ग्राहक बार किंवा कास्टिंग पाठवतो, तुम्ही टर्निंग-मिलिंग करून परत देता आणि बिल लावता मजुरीचं. हे मशीनचं उत्पादन नाही. धातूच्या तुकड्यांवर प्रक्रिया करून देण्याचा वर्ग २५९२ आहे. पण ग्राहकाच्या ड्रॉइंगनुसार तुम्ही पूर्ण गिअरबॉक्स तयार करून देत असाल, तर माल ग्राहकाचा असला तरी वर्ग २८१४ राहतो. जो वस्तू बनवतो तो करारावर बनवतो की स्वतःच्या नावाने, याने वर्ग बदलत नाही.

डाय आणि मोल्ड बनवणाऱ्यांनी तर हमखास तपासावं. इंजेक्शन मोल्डिंगचं मशीन २८२९ मध्ये, पण मोल्ड आणि प्रेस टूल २५९३ मध्ये येतात. टूलरूमवाल्याने २८ टाकला की पुढच्या प्रत्येक कागदावर तो कोड खटकतो.

फॅब्रिकेशनचंही तसंच. लोखंडी सांगाडे, शेड, ट्रस २५११. साठवणुकीच्या टाक्या २५१२. वाफेचे बॉयलर २५१३. फक्त कास्टिंग विकत असाल तर गट २४३. फोर्जिंग आणि शीट मेटल स्टँपिंग २५९१. विजेच्या मोटारी आणि कंट्रोल पॅनेल २७१०. मापन आणि नियंत्रणाची उपकरणं २६५१. सुटे भाग मात्र त्या-त्या मशीनबरोबर जातात: फक्त कन्व्हेयरसाठीच बनणारा रोलर तुम्ही स्वतःच्या मालातून बनवून विकता, तर तो २८१६. नट-बोल्टसारख्या कुठेही बसणाऱ्या भागांना ही सवलत नाही.

विकत आणलेले भाग जोडून मशीन उभं करणं हे उत्पादनच आहे. ‘आम्ही फक्त असेंब्ली करतो’ म्हणून स्वतःला व्यापारी समजू नका. ग्राहकाच्या कारखान्यात मशीन बसवून देणं हाच वेगळा धंदा असेल तर ३३२०. दुरुस्ती आणि देखभाल ३३१२. जुनं लेथ घेऊन बेड घासणं, बेअरिंग, स्क्रू आणि कंट्रोल बदलणं, म्हणजे मशीन जवळजवळ नव्याने उभं करणं, हे उत्पादनात धरलं जातं. नेहमीचं ऑइलिंग-रिपेअरिंग नाही.

आणखी एक प्रकार आजकाल वाढला आहे. डिझाइन तुमचं, नाव तुमचं, पण बनवतं दुसरं कोणी. महापेत ऑफिस आणि काम सगळं बाहेर. इथे प्रश्न एकच: कच्चा माल कोणाच्या मालकीचा? स्टील, मोटार, गिअर तुम्ही खरेदी करून जॉबवर्करला (मजुरीवर काम करून देणाऱ्याला) देत असाल, तर वर्गवारीच्या नियमाने तुम्ही उत्पादक. जॉबवर्कर स्वतःच्या मालातून पूर्ण मशीन बनवतो आणि तुम्ही ते विकत घेऊन विकता, तर तुम्ही व्यापारी, म्हणजे ४६५ चा गट. खरेदीची बिलं आणि डिलिव्हरी चलन हेच इथले पुरावे.

एकाच गाळ्यात उत्पादन, दुरुस्ती आणि थोडा व्यापार चालत असेल तर मुख्य कोड त्या कामाचा, ज्यातून सगळ्यात जास्त मूल्यवृद्धी होते. फक्त विक्रीचा आकडा बघू नका: आयात पंप विकून मोठी उलाढाल दिसते, पण तुमची भर त्यात थोडी असते. बाकीची कामं उद्यममध्ये जादा कोड म्हणून जोडता येतात.

चुकीचा कोड महाग का पडतो

घाऊक आणि किरकोळ व्यापाऱ्यांना जुलै २०२१ पासून उद्यम नोंदणी मिळते, पण फायदा प्राधान्य क्षेत्रातल्या कर्जापुरताच. उशिरा मिळणाऱ्या पैशांवरचं संरक्षण त्यांना नाही. सूक्ष्म आणि लघु उत्पादकाला आहे: लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवस, नसेल तर १५ दिवस, आणि त्यानंतर रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. आयकर कायद्यातली तरतूद, जिच्यामुळे सूक्ष्म आणि लघु उद्योगाला वेळेत पैसे न दिल्यास खरेदीदाराला त्या वर्षी खर्चाची वजावट मिळत नाही, तीही व्यापाऱ्याच्या बाजूने लागत नाही. केंद्र सरकार आणि सरकारी कंपन्यांनी सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडून करायच्या २५ टक्के खरेदीचंही तसंच. म्हणजे पंप बनवणाऱ्याच्या प्रमाणपत्रावर फक्त व्यापाराचा कोड असेल, तर स्वतःच्या हक्काचे पैसे मागताना त्याचाच कागद त्याच्या विरोधात जातो.

एनआयसी, एचएसएन आणि सीआयएन: तीन वेगळे आकडे

एनआयसी धंद्याचा कोड, एचएसएन जीएसटीसाठी वस्तूचा, आणि सीआयएन हा कंपनीचा नोंदणी क्रमांक. यंत्रांचे एचएसएन बहुतेक ८४ व्या प्रकरणात असतात. पंप ८४१३, फिलिंग-पॅकिंगची मशिनं ८४२२, कन्व्हेयर आणि उचलण्या-हलवण्याची इतर साधनं ८४२८, खाद्यप्रक्रियेची ८४३८, प्लास्टिकची ८४७७, मोल्ड ८४८०, गिअरबॉक्स ८४८३. पंपाचा एनआयसी २८१३ आणि एचएसएन ८४१३, शेवटचे दोन आकडे सारखे, त्यामुळे लोक एकाच्या जागी दुसरा लिहून मोकळे होतात. जीएसटीच्या बिलावर एचएसएन लागतो: आधीच्या वर्षाची उलाढाल ५ कोटींपर्यंत असेल तर ४ आकडी, त्यावर ६ आकडी.

कंपनी असेल तर सीआयएनमधल्या आकड्यांवरून उद्यमचा कोड उचलू नका. २१ अक्षरांच्या सीआयएनमध्ये पहिल्या अक्षरानंतरचे पाच आकडे उद्योगाचे असतात, पण जुन्या कंपन्यांचे ते २००४ च्या वर्गवारीतले आहेत. त्या यादीत यंत्रसामग्रीचा विभाग २९ होता आणि २८ होता धातूच्या वस्तूंचा. २००८ मध्ये यंत्रं २८ ला आली आणि २९ मोटार वाहनांकडे गेला. जुन्या सीआयएनचा २९ बघून उद्यममध्ये २९ टाकला, तर तुमचं लेथ कागदावर मोटारगाडी होतं.

जागा, आणि ती कोणत्या जिल्ह्यात

नोंदणीचा क्रम जागेपासून धरा, कारण पुढचा प्रत्येक अर्ज पत्ता मागतो. नवी मुंबई म्हटलं की एकच गाव वाटतं, पण दिघा, रबाळे, महापे, पावणे, तुर्भे, नेरुळपर्यंतचा टीटीसी पट्टा ठाणे जिल्ह्यात आहे आणि तळोजा एमआयडीसी रायगड जिल्ह्यातल्या पनवेल तालुक्यात. उद्यमच्या फॉर्ममध्ये जिल्हा उद्योग केंद्र निवडावं लागतं. तळोज्याच्या कारखान्याने ठाणे निवडलं की सरकारी योजनांची फाइल चुकीच्या कार्यालयाच्या खात्यात बसते. रायगडचं केंद्र अलिबागला.

एमआयडीसीचा गाळा भाड्याने घेत असाल तर मालकाकडे सबलेटिंगची परवानगी आहे का, हे भाडेकरार करण्याआधी विचारा. प्लॉट एमआयडीसीने भाडेपट्ट्याने दिलेला असतो आणि पोटभाडेकरू ठेवायला महामंडळाची मंजुरी लागते. शिवाय प्लॉट ज्या उत्पादनासाठी दिला आहे, त्यात तुमचं उत्पादन बसतं का, तेही बघा. बसत नसेल तर उत्पादन बदलाचा अर्ज. अनामत आणि पागडी देऊन झाल्यावर हे कळलं तर वाटाघाटीला जागा उरत नाही.

जीएसटी

वस्तू विकणाऱ्याला महाराष्ट्रात वार्षिक ४० लाखांपर्यंत नोंदणीची सक्ती नाही, पण राज्याबाहेर एकही मशीन विकलं तर नोंदणी हवीच. कारखानदाराने ती सुरुवातीलाच घ्यावी. लेथ, वेल्डिंग सेट, क्रेन यांच्यावर भरलेला कर वजावटीत मिळवायचा असेल तर नोंदणीशिवाय मार्ग नाही.

अर्जात व्यवसायाच्या स्वरूपात कारखाना/उत्पादन निवडा. दुरुस्तीही करत असाल तर सेवाही टिचकी मारून ठेवा. मुख्य पाच वस्तूंचे एचएसएन मागतात. जागेच्या पुराव्यात वीजबिल, भाडेकरार आणि मालकाचं संमतिपत्र या तिन्हींवर गाळा क्रमांक अगदी तसाच असू द्या. एकीकडे ‘ए-१२’ आणि दुसरीकडे ‘प्लॉट ए/१२, शेड २’ असलं की खुलाशाची नोटीस येते.

उद्यम: फॉर्ममध्ये कुठे अडतं

नोंदणी मोफत आहे. सरकारी पोर्टलचा पत्ता डॉट जीओव्ही डॉट इन ने संपतो. ‘उद्यम’ नाव लावून दोन-तीन हजार रुपये मागणाऱ्या साइट्स खासगी आहेत. कागद अपलोड करावे लागत नाहीत. आधार, पॅन, जीएसटी क्रमांक, बँक खातं आणि मोबाइल हाताशी हवा. एकट्याच्या मालकीत मालकाचा आधार, भागीदारीत व्यवस्थापक भागीदाराचा, कंपनी किंवा एलएलपीत अधिकृत सही करणाऱ्याचा. आधाराशी जोडलेला मोबाइल बंद असेल तर ओटीपी येणार नाही आणि गाडी पहिल्याच पानावर थांबेल.

आधार आणि पॅनवरची नावं वेगळी असतील तर आधी ती दुरुस्त करा. मग उद्योगाचं नाव, युनिटचं नाव आणि पत्ता, कार्यालयाचा पत्ता, स्थापनेची आणि उत्पादन सुरू झाल्याची तारीख. मुख्य व्यवसायात उत्पादन निवडा. इथे सेवा निवडली तर पुढच्या पानावर व्यापार की बिगर-व्यापार असं विचारतं, आणि घाईत तिथेच बऱ्याच जणांचं उत्पादन हरवतं. त्यानंतर एनआयसी: आधी २८, मग चार आकडी वर्ग, मग पाच आकडी उपवर्ग. शोधाच्या चौकटीत मराठी किंवा बोलीभाषेतलं नाव चालत नाही. कागदावर लिहिलेल्या वर्गाने शोधा. ‘जोडा’ बटण दाबून प्रत्येक कोड यादीत उतरला की नाही बघा. नुसतं निवडून पुढे गेलात तर तो नोंदला जात नाही.

गुंतवणुकीत जमीन, इमारत आणि फर्निचर धरत नाहीत. जुन्या उद्योगाचा आकडा आयकर विवरणपत्रातल्या घसारा वजा जाता किमतीवरून येतो. नव्या उद्योगाने, ज्याचं पहिलं विवरणपत्र अजून भरलेलं नाही, खरेदीच्या बिलांवरून जीएसटी वगळून आकडा टाकायचा. प्रदूषण नियंत्रण, संशोधन आणि सुरक्षेच्या उपकरणांची किंमतही वगळता येते. एप्रिल २०२५ पासूनच्या मर्यादा: सूक्ष्म म्हणजे गुंतवणूक २.५ कोटी आणि उलाढाल १० कोटींपर्यंत, लघु २५ आणि १०० कोटी, मध्यम १२५ आणि ५०० कोटी. दोन्हींपैकी एक ओलांडली की वरचा वर्ग. १.८ कोटींची मशिनं आणि ११ कोटींची देशांतर्गत विक्री असेल तर कारखाना लघु. निर्यातीची विक्री उलाढालीत धरत नाहीत, त्यामुळे त्या ११ कोटींतले २ कोटी निर्यातीचे असले, तर तो सूक्ष्मच राहतो.

एका उद्योगाला एकच उद्यम नोंदणी. अंबरनाथमध्ये दुसरं युनिट काढलं तर ते याच नोंदणीत जोडायचं, नवीन काढायची नाही.

बाकी परवानग्या

प्रदूषण नियंत्रण मंडळ प्रक्रिया बघतं. नुसतं कटिंग, मशीनिंग, असेंब्ली असलेला कारखाना आणि गाळ्यात पिकलिंग (आम्लाने धातू साफ करणं) किंवा इलेक्ट्रोप्लेटिंग करणारा कारखाना एकाच एनआयसी कोडचे असू शकतात, पण दुसरा लाल, म्हणजे सगळ्यात जास्त प्रदूषण करणाऱ्यांच्या, श्रेणीत जातो. म्हणून प्लेटिंग बाहेरून करून घेता येत असेल तर तसंच करा आणि तुमच्या अर्जात तसं स्पष्ट लिहा. स्प्रे पेंटिंग लपवू नका, तपासणीत बूथ दिसतोच. जिथे संमती लागते तिथे उभारणीआधी एक आणि उत्पादनाआधी दुसरी, अशी दोनदा घ्यावी लागते.

वीजजोडणीच्या अर्जात यंत्रांचा एकूण भार जोडा. वेल्डिंग सेट आणि क्रेन विसरले जातात आणि मग मंजूर भार कमी पडतो. लघुदाब औद्योगिक दरात २० किलोवॉटच्या आत आणि वर असे भाग आहेत. व्यापारी दराने मीटर आलं असेल तर उद्यम प्रमाणपत्र जोडून दर बदलून घ्या. भिवंडी, कळवा, मुंब्रा, शीळ या भागांत अर्ज टोरंटकडे, बाकी ठाणे-नवी मुंबईत महावितरणकडे.

वीज वापरणाऱ्या जागेत २० कामगार झाले की कारखाना म्हणून नोंदणी आणि परवाना, औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे. ठेकेदाराची माणसंही मोजली जातात. १० माणसांवर ईएसआय (कर्मचारी राज्य विमा), २० वर पीएफ. वजनकाटे बनवत असाल तर वैधमापन विभागाचा उत्पादक परवाना वेगळा.

कोड चुकला असेल तर

उद्यम पोर्टलवर बदल करायची सोय आहे, तीही मोफत आणि ओटीपीवर. नवा कोड आधी जोडा, यादीत दिसल्याची खात्री करा, मगच जुना काढा. प्रमाणपत्र पुन्हा उतरवून त्यावरचा क्यूआर कोड मोबाइलने तपासा आणि नवी प्रत बँक, ग्राहक आणि टेंडरच्या पोर्टलवर द्या, कारण त्यांच्याकडे जुनी प्रतच पडून असते. टेंडरची अंतिम तारीख जवळ असेल तर बदल आधी करा. बोली उघडल्यानंतर बदललेलं प्रमाणपत्र बहुतेक ठिकाणी धरत नाहीत. त्याच बैठकीत जीएसटीच्या नोंदणीतलं व्यवसायाचं स्वरूपही तपासून घ्या, आणि तिथे फक्त घाऊक व्यापार लिहिलेला असेल तर सुधारणेचा अर्ज लगेच टाका.